नवा जीपीएस सायकल कॉम्प्युटर: आधी त्याला जुन्यासारखा करून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षं एकच लहानसा, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा जीपीएस कॉम्प्युटर वापरला. आता मोठ्या, रंगीत टच स्क्रीनचा घेतला. महिना झाला तरी हात बसत नाही. नजर टाकली की हवा तो आकडा सापडत नाही, मधेच पानं आपोआप बदलतात, सारखे बीप वाजतात, दोनदा राइड सुरू करायचीच राहिली. शिवाय रोजच्याच रस्त्यावर अंतर आणि चढाई जुन्यापेक्षा वेगळी दिसते. नवा खराब आहे का, की सरळ जुनाच परत लावावा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नवा खराब वाटत नाही. जुना परत लावायचीही गरज नाही. मी स्वतः चार वेळा असा बदल केलाय आणि बरोबर सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांचे नवे कॉम्प्युटर लावून दिलेत. जवळपास प्रत्येकाचं एकाच ठिकाणी अडतं. बॉक्स उघडला की माणूस नव्यात काय काय आहे ते बघत बसतो आणि सगळं एकदम चालू करतो. माझा सल्ला उलटा आहे. पहिले दोन-तीन आठवडे नव्याला शक्य तितका जुन्यासारखा करून ठेवा. डोळे आणि अंगठा रुळले की मग एकेक गोष्ट चालू करा.

सुरुवात स्क्रीनपासून करा, कारण खरा त्रास तिथेच आहे. बारा वर्षांत तुम्ही आकडे वाचत नव्हता, जागा वाचत होता. वर डावीकडे हार्ट रेट, खाली मधे वेग, उजव्या कोपऱ्यात वेळ, हे डोळ्यांना पाठ झालेलं असतं. उतारावर पाव सेकंद नजर खाली गेली तरी पुरत होतं ते त्यामुळेच. नव्याने तयार दिलेल्या पानावर आकडे वेगळ्या जागी असतात, म्हणून नजर खाली गेली की शोधत बसते, आणि तेवढा वेळ रस्त्यावरून हटलेली असते. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे.

म्हणून एका संध्याकाळी जुना आणि नवा शेजारी-शेजारी ठेवा. जुन्यावरचं प्रत्येक पान कागदावर चौकटी आखून उतरवून काढा: कोणत्या चौकटीत काय आहे. नंतर प्रत्येक चौकटीपुढे प्रामाणिकपणे लिहा की गेल्या वर्षभरात चालत्या सायकलवर हा आकडा बघून मी काही वेगळं केलं का. वेग कमी केला, पाणी प्यायलो, गिअर बदलला, काहीही. बऱ्याच चौकट्या इथेच गळतात. सरासरी वेग हे नेहमीचं उदाहरण आहे. तो आवडतो सगळ्यांना, पण तो बघून चालत्या राइडमध्ये कोणी काही बदलत नाही. तो घरी आल्यावर दिसतोच. जे उरलं ते नव्यावर त्याच जागी मांडा, त्याच क्रमाने.

गार्मिन कंपनीच्या एज ५०० सारख्या २००९ सालच्या कॉम्प्युटरवर बदलता येणारी तीनच पानं होती, प्रत्येकावर जास्तीत जास्त आठ फील्ड, म्हणजे आकड्यांच्या चौकटी. नव्यावर मुभा कितीतरी जास्त असते. ती घेऊ नका. मुख्य पान एक, त्यावर पाच किंवा सहा फील्ड, दुसरं पान चढासाठी, तिसरं नकाशाचं. बाकीची पानं पुसू नका, नुसती बंद करा. फील्ड कमी ठेवण्याचं आणखी एक कारण सांगतो, कारण ते कोणी बोलत नाही. या बारा वर्षांत कॉम्प्युटरबरोबर आपले डोळेही बारा वर्षांनी पुढे गेलेत. चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास होणं स्वाभाविक आहे आणि स्टेम, म्हणजे हँडलबार धरणारा भाग जिथे कॉम्प्युटर बसतो, नेमका त्याच अंतरावर येतो. मोठी स्क्रीन मिळालीय ती जास्त आकडे कोंबायला वापरू नका, तेच आकडे मोठे करायला वापरा.

पॉवर मीटर, म्हणजे तुम्ही पॅडलला किती ताकद लावता ते मोजणारं उपकरण, असेल तर जुन्यावर पॉवर कोणत्या प्रकारची दाखवत होतात तेही बघून घ्या. क्षणाची पॉवर आणि तीन सेकंदांची सरासरी यांत डोळ्यांना जाणवणारा फरक खूप असतो. क्षणाचा आकडा पॅडलच्या प्रत्येक फेरीला उड्या मारतो. जुन्यावर तीन सेकंदांची सरासरी असेल आणि नव्यावर साधी पॉवर लागली, तर वाटतं की नवा भरकटलाय. तो भरकटलेला नसतो, फील्ड वेगळं निवडलं गेलेलं असतं.

आता अंगठ्याकडे येतो. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर राइड संपली की रिसेटचं बटण दाबून धरलं की राइड सेव्ह होऊन आकडे शून्यावर यायचे. नव्यांवर बहुतेक वेळा आधी थांबवायचं, मग स्क्रीनवर सेव्ह निवडायचं, असं दोन पायऱ्यांचं काम असतं. जुन्या सवयीने तुम्ही थांबवता आणि सायकल भिंतीला लावता. कॉम्प्युटर झोपी जातो, राइड मात्र उघडीच राहते. दुसऱ्या दिवशी सुरूचं बटण दाबलं की कालचीच राइड पुढे चालू होते आणि दोन दिवसांची मिळून एक फाइल बनते. हे तुमच्याकडे अजून झालं नसेल तर होईल. उपाय सवयीचाच आहे: हेल्मेट काढण्याआधी सेव्ह. पहिला महिना हे मुद्दाम, तोंडाने म्हणत करा.

राइड सुरू करायची राहते यावर मात्र सेटिंगमध्येच उपाय आहे. टायमर सुरू होण्याची पद्धत बदलता येते: हाताने, आपोआप, किंवा चाक हललं की विचारणा. मी सगळ्यांना विचारणा ठेवायला सांगतो. आपोआप ठेवलं तर सायकल गाडीच्या कॅरिअरवर असतानाही राइड सुरू होते आणि मग त्या दिवशीचा कमाल वेग बघण्यासारखा निघतो.

टच स्क्रीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नकाशा सरकवायला आणि मेनूमध्ये फिरायला ती उत्तम, चालत्या सायकलवर पानं बदलायला बटणंच बरी. पावसाचा थेंब किंवा नाकावरून ओघळलेला घाम स्क्रीनवर पडला की काही वेळा तो स्पर्शच धरला जातो. तुमची पानं आपोआप बदलतात याचं एक कारण हे असू शकतं. राइड सुरू झाली की स्क्रीन लॉक करा. तुमच्या मॉडेलला पानं बदलायची बटणं असतील तर तीच वापरा. नसतील तर पानंच इतकी कमी ठेवा की बदलायची वेळ क्वचित येईल.

पानं बदलण्याचं दुसरं कारण म्हणजे चढाचं पान. नव्या कॉम्प्युटरना पुढचा चढ ओळखता येतो, आणि चढ जवळ आला की ते आपणहून त्याचं पान समोर आणतात: किती अंतर उरलं, किती उंची उरली, सरासरी चढ किती. ही सोय खरंच मोलाची आहे. लांब चढावर दम कुठे राखायचा ते तिच्यामुळे कळतं. पण पहिल्या आठवड्यात ती बंद ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या राइडला, एखाद्या ओळखीच्या चढावर, तेवढी एकच गोष्ट चालू करा. बीपचंही तसंच. फोनवरचे मेसेज, पाणी पिण्याची आठवण, वेगाची सूचना, सेगमेंट (रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावरची वेळेची शर्यत), सगळं बंद. वळणाची सूचना आणि रडार असेल तर मागून येणाऱ्या गाडीची सूचना, एवढे दोनच आवाज राहू द्या. एकूण आवाज दोनच असले की प्रत्येकाचा अर्थ कान लगेच धरतात. पंधरा प्रकारचे बीप असले की कान सगळेच सोडून देतात, त्यात गाडीचाही सुटतो.

अपघात ओळखून घरच्यांना कळवणारी सोय मात्र पहिल्याच दिवशी लावा. तिला जोडलेला फोन आणि फोनला नेटवर्क लागतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. जोरात ब्रेक लावला किंवा सायकल आडवी पडली तरी ती कधीकधी जागी होते, तेव्हा ती रद्द कशी करायची हे घराबाहेर पडण्याआधी शिकून घ्या.

आता आकड्यांचा फरक. यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे माणसं उगाच खचतात. नव्यावर वेग कमी दिसला की आपणच मागे पडलो असं वाटतं.

आधी अंतर. जुन्याला चाकाचा सेन्सर होता का? असेल तर अंतर चाकाच्या परिघावरून निघत होतं आणि तो परीघ कधीतरी तुम्ही स्वतः भरला होता. समजा तेव्हा ७०० × २५ चा टायर होता आणि तुम्ही २१०५ मिलिमीटर भरलं. मधल्या काळात सगळ्यांसारखे तुम्हीही २८ च्या टायरवर आलात. त्याचा परीघ साधारण २१३६ मिलिमीटर. फेरीमागे ३१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड टक्का. खरे १०० किलोमीटर झाले की जुना साडेअठ्ठ्याण्णव दाखवणार. नवे कॉम्प्युटर बहुधा जीपीएसशी ताडून परीघ स्वतःच ठरवतात, म्हणून तिथे १०० दिसतात. अशा वेळी चूक जुन्याची असते, आणि ती इतकी वर्षं आपण खरी धरलेली असते.

सेन्सर नसेल आणि अंतर फक्त जीपीएसवरच असेल, तर फरक उपग्रहांच्या बाजूने येतो. जुने कॉम्प्युटर बहुतेक एकाच प्रणालीचे आणि एकाच फ्रिक्वेन्सीचे सिग्नल घेत. नवे जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ वगैरेही घेतात, आणि वरच्या दर्जाचे तर दोन फ्रिक्वेन्सी ऐकतात, १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ. उंच इमारतींवरून किंवा कड्यावरून आपटून आलेला सिग्नल ओळखायला ही दुसरी फ्रिक्वेन्सी कामाची पडते. मोकळ्या रस्त्यावर तिचा फारसा उपयोग नाही आणि बॅटरी मात्र जास्त जाते. त्यासाठी ऑटोसारखा पर्याय असेल तर तो ठेवा. रेकॉर्डिंगचं सेटिंगही बघा. जुन्यावर स्मार्ट रेकॉर्डिंग असेल तर दिशा किंवा वेग बदलला तरच बिंदू नोंदला जात होता. नव्यावर दर सेकंदाला एक बिंदू ठेवा. फाइल मोठी होते, पण जागेची अडचण आता राहिलेली नाही.

चढाईचा आकडा सगळ्यात फसवा. दोन्ही कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल. समुद्रसपाटीच्या आसपास एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे सुमारे आठ मीटर उंची. लांब राइडमध्ये हवामान पालटून दाब चार-पाच हेक्टोपास्कलने सरकला, तर तुम्ही एकाच जागी उभे असलात तरी उंची तीस-चाळीस मीटरने बदललेली दिसेल. त्यात प्रत्येक कॉम्प्युटर लहान-लहान चढउतार किती मोजायचे आणि किती सोडायचे हे आपल्या पद्धतीने ठरवतो. त्यामुळे एकाच हँडलबारवर दोन कॉम्प्युटर लावले तरी एकूण चढाई जुळत नाही, आणि जुळायचा हट्टही धरू नका. या वर्षीची चढाई गेल्या वर्षीच्या चढाईशी मांडायची असेल तर कॉम्प्युटर बदलल्याची तारीख डायरीत लिहून ठेवा. फक्त एक तपासा: दाबाच्या सेन्सरचं बारीक छिद्र. घामाचं मीठ किंवा चिखल तिथे बसला की उंची अडकते किंवा मागे राहते. साध्या पाण्याने हलकेच धुवा, टाचणी घालू नका.

पॉवर पॅडलमध्ये मोजत असाल तर एक गोष्ट जपून करा. पॅडलवरचं मीटर बळ मोजतं, आणि पॉवर काढायला क्रँकची, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला लागतं त्याची, लांबी लागते. नव्या कॉम्प्युटरशी जोडताना तिथे १७२.५ मिलिमीटर आलं आणि तुमचा क्रँक १७० चा असला, तर प्रत्येक आकडा सुमारे दीड टक्का जास्त येतो. एका मित्राला नवा कॉम्प्युटर घेतल्यावर आठवडाभर आपण सुधारल्यासारखं वाटत होतं. शेवटी आम्ही सायकल उलटी करून क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेला आकडा बघितला. ग्रीसचा थर पुसल्यावर १७० दिसलं, कॉम्प्युटरवर १७२.५ होतं. तुमचा आकडाही आजच बघा. शिवाय कमाल हार्ट रेट आणि एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) जुन्यावरून हाताने उतरवून घ्या आणि ते आपोआप ओळखून बदलण्याची सोय सध्या बंद ठेवा. नाहीतर एखादी चुकीची हार्ट रेटची उडी धरून तो तुमचे सगळे झोन (मेहनतीच्या पायऱ्या) हलवतो आणि तुम्हाला कळतही नाही. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा), विश्रांतीचे तास, ट्रेनिंग स्टेटस यांना काही आठवड्यांचा इतिहास लागतो. तोवर त्यांच्याकडे बघू नका.

सेन्सर जोडताना एक नेहमीची अडचण येते. एएनटी प्लस या बिनतारी पद्धतीचा सेन्सर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो, म्हणून जुना आणि नवा दोघेही तो एकाच वेळी घेऊ शकतात. ब्लूटूथवर मात्र पुष्कळ सेन्सर एकाच वेळी एक-दोनच जोडण्या देतात. फोनवरच्या एखाद्या ॲपने सेन्सर धरून ठेवलेला असतो आणि आपण नव्या कॉम्प्युटरला दोष देत बसतो. दोन्ही पर्याय दिसले तर एएनटी प्लस निवडा.

या सगळ्याची खात्री करायची तर तीन-चार राइड दोन्ही कॉम्प्युटर लावून करा, रोजच्याच रस्त्यावर. नवा समोर, जुना बाजूला. नजर जुन्याकडे वळली की समजायचं, तो आकडा नव्यावर अजून योग्य जागी आलेला नाही. घरी येऊन तेवढाच बदल करा.

माउंटही बघून घ्या. पाव फेरी फिरवून बसणारे माउंट दिसायला सारखे असले तरी गार्मिन आणि वाहू या दोन कंपन्यांचे कान एकमेकांशी काटकोनात असतात. जोर लावून बसवलं तर कान तुटतात. वजनही वाढलेलं असतं: एज ५०० सुमारे ५७ ग्रॅमचा, एज १०४० तब्बल १२६ ग्रॅमचा. पुढे काढलेल्या माउंटवर खराब रस्त्याचे हादरे बसून स्क्रू ढिले होतात. पहिल्या पाच-सहा राइडनंतर ते तपासा आणि कॉम्प्युटरची सुरक्षेची दोरी हँडलबारला बांधाच.

रूटबद्दल माझा एक अनुभव सांगतो, कारण जुन्याकडून नव्याकडे येताना सगळ्यात महाग चूक इथे होते. जुना नुसती रेघ दाखवायचा. रेघेवरून उतरलात तर तेवढं सांगायचा, पुढचं डोकं तुमचं. नवा घेऊन दुसऱ्याच महिन्यात मी ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडला, गेलो. एका ठिकाणी रस्ता खणलेला होता म्हणून बाजूच्या गल्लीत शिरलो. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला, नवा रस्ता आखला, बाण दाखवला, आणि मी त्याच्यामागे निघालो. अंधार होता, पाय चांगले चालत होते. दहा मिनिटांनी सहज उरलेल्या अंतराकडे नजर गेली. गल्लीत शिरताना तिथे ८४ होतं. आता ४६ दिसत होतं. त्याने मला थेट शेवटच्या ठिकाणाकडे वळवलं होतं, मधला पूर्ण वळसा आणि त्यातला कंट्रोल पॉइंट (हजेरी लावायची जागा) गाळून. ब्रेव्हेमध्ये कंट्रोल चुकला की राइड गेली. मी मागे फिरलो आणि वेळेत पोचलो, पण २० तासांच्या मर्यादेतले चाळीस मिनिटं त्यात गेली.

तेव्हापासून आखून घेतलेल्या रूटवर माझं रस्ता पुन्हा आखण्याचं सेटिंग बंद असतं. रूट सुटल्याची सूचना चालू, पुन्हा आखणी बंद. आणि नकाशाच्या पानावर उरलेलं अंतर हे फील्ड कायम असतं. अनोळखी शहरातून फक्त घरी पोचायचं असेल तेव्हा ती आखणी जरूर चालू करा, ती त्याच कामाची आहे.

बॅटरीची काळजी आता कमी झालीय. एज ५०० ला जास्तीत जास्त १८ तास सांगितले जात, एज १०४० ला सगळं चालू ठेवून ३५ आणि बचतीच्या मोडमध्ये ७०. तरी नकाशाचं पान, बॅकलाइट आणि दोन फ्रिक्वेन्सी ही तीन खाणारी तोंडं लक्षात ठेवा. फर्मवेअर अपडेट मोठ्या राइडच्या आदल्या रात्री कधीही करू नका. आठवड्याच्या सुरुवातीला करा आणि एक छोटी राइड मारून सगळं जागेवर आहे ना ते बघा.

सकाळी निघतानाची एक जुनी सवय मात्र सोडू नका: आकाशाखाली थोडं थांबणं. नवा कॉम्प्युटर फोनवरून उपग्रहांची माहिती आधीच घेतो, म्हणून काही सेकंदांत जागा पकडतो. पण बरेच दिवस फोनशी जोडला नसेल तर त्यालाही ती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते. तिथून ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे येते, आणि चालत्या सायकलवर ती घेताना मधे-मधे तुटते. जागा पकडेपर्यंत उभे राहा, मग निघा.

जुना विकू नका, तो राखीव म्हणून ठेवा. आधी त्यातला ॲक्टिव्हिटीज फोल्डर संगणकावर उतरवून घ्या, बारा वर्षांच्या राइड आहेत त्या. अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा, पूर्ण रिकामी राहिलेली लिथियम बॅटरी मरते. वापरायला काढलात तर तारीख तपासा. जीपीएसमध्ये आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की परत शून्यावर येतो, एप्रिल २०१९ मध्ये असं झालं होतं. ज्या जुन्या कॉम्प्युटरला त्यासाठीचा अपडेट मिळालेला नाही, ते राइडवर जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख टाकू शकतात, आणि मग ती राइड यादीच्या तळाशी जाऊन बसते. अंतर आणि वेळ त्यात बरोबर असतात, फक्त तारीख हाताने दुरुस्त करायची.